बिनपगारी वाटाड्या

आमच्या शहरात बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसाला दोन नोकऱ्या पत्कराव्या लागतात. एक पगाराची आणि दुसरी बिनपगारी, वाटाड्याची. वेरूळ तीस किलोमीटरांवर, अजिंठा शंभरावर, आणि देवगिरीचा किल्ला तर गावाबाहेर पडून थोडे पुढे जावे तो समोर उभा. त्यामुळे परीक्षा आटोपल्या की पुण्या-मुंबईची मंडळी "यंदा तुमच्याकडे" असे कळवून मोकळी होतात. पोटासाठी मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण नात्यागोत्यात माझी जी काही कीर्ती आहे ती या दुसऱ्या नोकरीची.

मे महिन्यातले पाहुणे मला सवयीचे आहेत. पारा चाळिशी ओलांडतो, कातळ तव्यासारखा तापतो, आणि मंडळी दुपारी बारा वाजता किल्ला चढायला निघतात. त्यांच्यासाठी माझा नियम एकच: सूर्य उगवताना घर सोडायचे आणि तो डोक्यावर यायच्या आत सावली गाठायची. पण गेल्या वर्षी निराळ्याच जातीचे पाहुणे आले. माझी धाकटी बहीण बोस्टनला असते. तिच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी मिळते ती जूनअखेरीस, आणि संपते ऑगस्टच्या अखेरीस. म्हणजे त्यांचा उन्हाळा तो आमचा आषाढ-श्रावण! "दादा, भर पावसात काय दाखवणार रे तू?" असे तिने फोनवर विचारले, तेव्हा मला हसू आले. कारण लेण्यांना जाण्याची खरी मौज पावसातच. मे महिन्यात ज्या डोंगराकडे पाहवत नाही तो जुलैत हिरवागार होतो, अजिंठ्याला वाघूर वाहू लागते आणि वेरूळला लेण्यांच्या अंगावरून पाणी कोसळते. एवढेच की शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून चालावे आणि बूट पकड असलेले घालावेत.

दाजींनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, संगणकावर आखलेला एक तक्ता आधीच पाठवून दिला. पाच दिवस, एकोणीस स्थळे. प्रत्येक स्थळापुढे किती मिनिटे तेही लिहिलेले. कैलास लेण्याला चाळीस मिनिटे दिली होती आणि बीबी का मकबऱ्याला पंचवीस. त्यात शिर्डी होती, शनिशिंगणापूर होते, दीडशे किलोमीटरांवरचे लोणारचे सरोवरही होते. शिवाय सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ. आता अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी! हा एवढा साधा घोळ दर वर्षी किती कुटुंबांचा दिवस बुडवतो, ते फर्दापूरच्या फाट्यावर सोमवारी उभे राहून पाहावे. आणखी एक सांगून ठेवतो. अजिंठा गाव वेगळे आणि अजिंठ्याची लेणी वेगळी. गाव घाटमाथ्यावर आहे. लेण्यांसाठी घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला जावे लागते. गावाच्या नावावर विसंबून एस. टी.तून उतरलेले प्रवासी मी पाहिले आहेत.

मी तो तक्ता घेऊन बसलो आणि लाल पेन्सिलीने एकोणीसांतली अकरा स्थळे खोडली. लोणार हे पाहण्यासारखे आहेच. उल्कापाताने झालेले ते विवर पाहायला एक अख्खा दिवस हवा. ज्याला तो देता येत नाही त्याने जाता जाता तिकडे डोकावू नये. सहल आखणे म्हणजे ठिकाणे जोडणे नव्हे, वगळणे होय, असे माझे मत आहे, आणि या मतापायी मी काही नातलग गमावलेही आहेत. दाजी मात्र समजूतदार निघाले. "तुम्ही म्हणाल तसे," असे त्यांनी कळवले. बहिणीने मात्र एक अट घातली: "आई अजिंठ्याला येणार असेल तरच मी येईन."

ही अट साधी नव्हती. आमची आई पंच्याहत्तरीची. लग्न होऊन या गावी आली त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली, पण तिने अजिंठा पाहिले नव्हते. घृष्णेश्वराच्या निमित्ताने वेरूळ तिला ठाऊक; अजिंठा नाही. पाहुणे आले की पहाटे चारला उठून ती दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची आणि फाटकाशी उभी राहून निरोप द्यायची. घरी कुणीतरी हवे, दूधवाला यायचा आहे, गुडघे साथ देत नाहीत, अशी तिची कारणे ठरलेली. या शहरातल्या कितीतरी घरांत अशी एक बाई निघेल. तेव्हा यंदाची आखणी मी आईच्या गुडघ्यांपासून सुरू केली.

पहिला दिवस, रविवार, गावातच ठेवला. मलिक अंबराने १६१० साली खडकी म्हणून वसवलेले हे गाव पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. भाच्याच्या हातातल्या प्रवासाच्या पुस्तकात जुनेच नाव असल्यामुळे तो गोंधळला होता. परदेशाहून येणाऱ्यांनी दोन्ही नावे लक्षात ठेवावीत, हे बरे. संध्याकाळी मकबऱ्यावर गेलो. 'गरिबांचा ताज' ही कुचेष्टा मला आवडत नाही. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्यासाठी तिच्या मुलाने, आझमशहाने, ही वास्तू उभारली. संगमरवर पुरेना म्हणून तो कमरेइतका आणि घुमटाला लावला, बाकी चुन्याची गिलावट केली. ताजमहालाचा मुख्य स्थपती उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा अताउल्ला येथे होता. ताजशी तुलना सोडून मावळतीच्या उजेडात ती गिलावट पाहावी. फार देखणी दिसते. मग पाणचक्की. दूरच्या डोंगरातले पाणी खापरी नळांतून जमिनीखालून आणून, ते उंचावरून पाडून, त्या जोरावर पीठ दळायची ही युक्ती. भाची दहा वर्षांची आहे. तिने वीज कुठे आहे असे विचारले. वीज नाही म्हटल्यावर ती तेथे अर्धा तास बसून राहिली.

सोमवारी सकाळी देवगिरी आणि दुपारनंतर वेरूळ. हा क्रम मुद्दाम. वेरूळची लेणी ज्या कड्यात कोरली आहेत तो पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी गेलात तर लेणी स्वतःच्याच सावलीत असतात. दुपार कलली की उजेड आत शिरू लागतो. सहलीच्या मोटारी नेमक्या सकाळी वेरूळला येतात आणि उजेड यायच्या सुमारास परत फिरतात! मे महिन्यातही मी हाच क्रम ठेवतो, फक्त किल्ल्यावर तासभर आधी जातो.

देवगिरी हा मुलांचा किल्ला आहे. यादवांची राजधानी, १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी येथे चालून आला, आणि १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवून याचे दौलताबाद केले. हे सारे मी सांगत होतो, पण चौदा वर्षांच्या भाच्याचे लक्ष अंधारीकडे होते. उभ्या तासलेल्या कड्याभोवती खंदक, तो ओलांडला की कातळाच्या पोटातून वर जाणारा हा वळणावळणांचा काळोखी मार्ग. शत्रू येथवर आलाच तर त्याने अंधारात आपल्याच माणसांवर तलवार चालवावी, अशी ती रचना. वटवाघळांचा वास येतो, पण मुलांना त्याचे काही वाटत नाही. माथ्यापर्यंत सुमारे साडेसातशे पायऱ्या आहेत. आई खाली चाँदमिनाराच्या सावलीत दाजींबरोबर बसली आणि त्यांच्याकडून अमेरिकेतल्या भाजीचे भाव ऐकत राहिली.

वेरूळला चौतीस लेणी आहेत. बारापर्यंत बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, पुढची पाच जैन. सगळी पाहू म्हणणारा एकही नीट पाहत नाही. मी चारच निवडतो. दहावे, विश्वकर्मा, तेथे दगडात लाकडी छताच्या फासळ्या कोरल्या आहेत. बत्तिसावे, इंद्रसभा. पावसाळा असेल तर एकोणतिसावे, कारण शेजारी धबधबा असतो. आणि सोळावे, कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर डोंगर वरून खाली तासत कोरले. सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद चौक आणि मागचा कडा शंभर फुटांहून उंच. भाच्याने विचारले, "मामा, छिन्नी चुकली तर?" प्रश्न उत्तम होता. "बुधवारी सांगतो," म्हणालो.

मंगळवारी अर्धा दिवस पैठण. नाथांचा वाडा, गोदावरीचा घाट, मागावर चाललेले पैठणीचे काम आणि नाथसागर. जायकवाडीच्या या धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली बसवली होती. दुपारी घरी येऊन सर्वांनी झोपावे असा माझा हुकूम होता. अजिंठ्याच्या आदल्या दिवशी थकू नये. रात्री दाजी जुन्या गावात जाऊन नान-कलिया खाऊन आले. तुघलकाच्या लष्करासाठी हा पदार्थ निघाला असे येथे सांगतात.

बुधवारी सकाळी साडेसहाला निघालो. फुलंब्री, सिल्लोड, मग घाट. खासगी मोटार फर्दापूरच्या फाट्यावर सोडून तेथून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. लेणी नऊला उघडतात. तिकिटाच्या खिडकीनंतर पायऱ्यांचा एक चढ आहे. वृद्धांना तोच भारी. तेथे डोलीवाले असतात. खुर्चीला दांडे बांधून चार जण वाहून नेतात. दर आधी ठरवून घ्यावा. आईने साफ नकार दिला. "माणसांच्या खांद्यावरून मी अजून जाणार नाही," असे ती म्हणाली तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. डोलीवाल्यांतला एक म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही बसला न्हाईत तर आमची आजची भाकर कुठली?" आई बसली, आणि बसल्यावर त्या चौघांची गावे, मुलेबाळे, सारे विचारून घेतले.

वाघूर नदीने घेतलेल्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर ही तीस लेणी आहेत. दहाव्यात, इ. स. पूर्वीच्या काळातल्या चैत्यगृहात, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपले नाव चित्राच्या अंगावर कोरून ठेवले आहे. चित्रांवर नाव कोरू नये, हे मुलांना सांगायला इतके बरे उदाहरण दुसरे नाही. लोक पहिल्या लेण्यात शिरून गर्दी करतात. मी उलटा जातो. सव्विसावे आधी, तेथील निर्वाणाला टेकलेला बुद्ध पाहून मग मागे. वाटेत चोविसावे लागते. ते अर्धवट राहिले आहे, म्हणून कुणी थांबत नाही. भाच्याला मी तेथे नेले. छत आधी, मग खांब, मग जमीन, असे काम कसे उतरत जाई ते तेथे उघडे दिसते. छिन्नीचे घाव मोजता येतात. एक शब्द न बोलता तो खांबांवरून नजर फिरवत राहिला.

सतराव्यात मी सर्वांना सांगितले, पहिली दहा मिनिटे काही पाहू नका. पूर्वी रखवालदार बाहेरचे ऊन आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने आत फेकत. आता मंद दिवे आहेत. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना आधी भिंत काळीच दिसते. धीर धरला की तीतून एकेक माणूस पुढे येतो. आईला खुर्ची दिली होती. आरसा हातात धरून नटणारी राजकन्या तिला दिसली, आणि मग ती नातीला म्हणाली, "तिला सगळेच बघतात. तबक घेऊन उभी आहे ती बघ. केव्हाची उभी असेल बिचारी!" मी एम. ए.ला अजिंठ्यावर निबंध लिहिला होता. त्यात हे वाक्य नव्हते.

परतताना बसमध्ये मी रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. १८४४पासून कित्येक वर्षे हा लष्करी अधिकारी येथे राहून चित्रांच्या नकला करत होता. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून पुन्हा नकला केल्या. १८८५ साली त्यांतल्याही पुष्कळ लंडनलाच जळाल्या. मूळ भिंती मात्र अजून आहेत, जेवढ्या उरल्या तेवढ्या. एकोणिसाव्या शतकात लोकांनी काही तुकडे काढूनही नेले. त्यांतला एक बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाच्या मालकीचा आहे. "आमच्या बोस्टनच्या?" भाची ओरडली. शाळेच्या सहलीतून ती तेथे दोनदा जाऊन आली होती.

गुरुवार मी रिकामा ठेवला होता. तक्त्यात त्या चौकटीत दाजींनी मोठे प्रश्नचिन्ह काढले होते. पाऊस लागला, आणि मुले ओटीवर बसून आजीकडून धपाटे थापायला शिकली.

आता नाताळात पुण्याची दोन कुटुंबे यायची आहेत. हिवाळ्याच्या पाहुण्यांसाठी आखणी पुन्हा वेगळी. किल्ला भर दुपारीही चालतो, गर्दी मात्र दुप्पट. परवा आईने विचारले, "बुधवारी नेणार का त्यांना अजिंठ्याला?" मी हो म्हटले. "मग डबे आदल्या रात्रीच भरू," ती म्हणाली, "सकाळी मला वेळ व्हायचा नाही."