जहाज कोणत्या धक्क्याला लावायचे?

सिंगापूर बंदरात उतरणाऱ्या बहुतेक कंटेनरना सिंगापूरशी काही देणेघेणे नसते. युरोपातून आलेली पेटी तिथे उतरते आणि छोट्या जहाजात चढून चट्टग्रामला किंवा सुराबायाला निघून जाते. अशा छोट्या जहाजाला फीडर म्हणतात. आपल्या न्हावा-शेव्याचे तसे नाही. तिथे उतरलेल्या बहुतेक पेट्या रस्त्याने किंवा रेल्वेने देशातच जातात. म्हणून जहाज नेमके ‘कुठे लागले’ हा प्रश्न सिंगापुरात फार महागाचा ठरतो.

समजा, मोठ्या जहाजातल्या 600 पेट्या एका फीडरमध्ये जायच्या आहेत. दोन्ही जहाजे पसीर पंजांगला लागली, तर पेट्या तिथल्याच यार्डातून फिरतात. फीडर शहरालगतच्या ब्रानीला लागला, तर चाळीस फुटी पेट्यांसाठी ट्रेलरच्या 600 खेपा. प्रत्येक खेपेला फाटक, रांग, क्रेनची वाट आलीच.

इथली खरी गोम अशी की खर्च एकट्या जहाजाचा नसतो, जोडीचा असतो. एक जहाज हलवले की त्याच्याशी मालाची देवघेव असलेल्या प्रत्येक जहाजाचा हिशेब बदलतो. कूपमन्स आणि बेकमन या अर्थशास्त्रज्ञांनी 1957 साली कारखान्यांच्या जागांबद्दल हेच कोडे मांडले होते. 4 टर्मिनल आणि 30 जहाजे एवढीच घेतली, तरी वाटपाचे प्रकार 1 वर 18 शून्ये एवढे होतात. मी वाणिज्य शाखेचा माणूस. हा आकडा वहीत दोनदा मांडून पाहिल्यावरच पटला. एकेक पर्याय तपासणे संगणकालाही परवडत नाही. तो पुष्कळसे पर्याय न पाहताच बाद करतो, किंवा ‘पुरेसे चांगले’ उत्तर पत्करतो.

आता इंधन. जहाजाचे तासाचे इंधन ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. आपला फीडर 240 सागरी मैलांवर आहे असे धरू. 15 नॉटने तो 16 तासांत पोहोचेल, पण पसीर पंजांगचा धक्का 20 तासांनी मोकळा होणार आहे. ‘आधी येईल त्याला आधी धक्का’ असा नियम असेल, तर कप्तान नंबर लावायला धावत येतो आणि 4 तास नांगर टाकून बसतो. तेच त्याला आधी कळवले आणि नंबर राखून ठेवला, तर तो 12 नॉटने येईल. वेग चार-पंचमांश झाला की तासाचे इंधन जवळपास निम्म्यावर येते. 20 तासांचे मिळून आधीच्या 64 टक्के. म्हणजे 36 टक्के बचत, वर 600 खेपा वाचल्या त्या वेगळ्याच. (अगदी मंद वेगाला हा घनाचा नियम लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.)

म्हणून टर्मिनल आज ठरवायचे आणि वेळ उद्या, ही पद्धत मला चुकीची वाटते. ब्रानी ‘आत्ता रिकामे’ दिसते एवढ्यावरून फीडर तिकडे वळवला, की इंधनाची आणि खेपांची अशा दोन्ही बचती एकदमच हातच्या जातात.

पण हिशेबाच्या तळाशी जी एक बेरीज येते, तिच्याकडे मी संशयाने पाहतो. इंधन जहाज कंपनीच्या खिशातून जाते, खेपांचा भार मुख्यतः टर्मिनलवर पडतो, आणि ट्रेलरचा धूर रस्त्यालगतच्या माणसाच्या छातीत जातो. बेरजेत हे सगळे एकाच नाण्यात मोजले जाते. शिवाय एकूण खर्च किमान करताना दर आठवड्याला तोच छोटा फीडर मागे ढकलला गेला, तरी सूत्राची तक्रार नसते. कोणत्याही जहाजाला अमुक तासांपलीकडे थांबवायचे नाही अशी अट सुरुवातीलाच घालावी. उत्तर थोडे महाग पडले तरी चालेल.

सिंगापूरने मात्र कोडे सोडवत बसण्याऐवजी भूगोलच बदलायला घेतला आहे. 2022 मध्ये औपचारिकरीत्या सुरू झालेल्या तुआस बंदरात 2040 च्या दशकापर्यंत सगळी कंटेनर टर्मिनल एकत्र येतील. पूर्ण झाल्यावर तिथल्या धक्क्यांची लांबी 26 किलोमीटर असेल, आणि फीडर मोठ्या जहाजाच्या शेजारी लावायचा की दुसऱ्या टोकाला, हे तेव्हाही रोज ठरवावे लागेल.