जुनी गाडी पेट्रोल पिते? आधी वही उघडा, मग बॉनेट

मंडळी, करामात कुणालाही विचारा की गाडीला पेट्रोल एवढं का लागतं, तर उत्तर ठरलेलं: "पार्किंग शोधण्यात जातं!" ते अगदीच खोटं नाही. एसी लावून इमारतीभोवती चौथी फेरी मारताना किलोमीटर फारसे वाढत नाहीत, पेट्रोल मात्र जळत राहतं. पण सगळा दोष पार्किंगवर ढकलला की खरा बिघाड लपून बसतो. आमच्या घरी तेच झालं.

आमची गाडी बारा वर्षांची. लिटरला अकरा किलोमीटर द्यायची. गेल्या हिवाळ्यात सौ.ने हिशेबाची वही पुढे केली आणि विचारलं, गावी आईंच्या औषधांसाठी जे पाठवतो त्यात दोन महिने ओढाताण का होते आहे? मित्रांचा सल्ला तयारच होता, "विकून टाक, नवी घे." इथे नव्या गाडीसाठी निदान वीस टक्के रक्कम आधी हातात लागते, वर हप्ते पाच वर्षांपर्यंत. मुलीची बारावी तोंडावर असताना ते परवडणारं नव्हतं.

आधी एक घोळ निस्तरावा लागतो. ऑगस्ट २०१५ मध्ये इथल्या पेट्रोलच्या दरावरचं नियंत्रण उठलं. स्पेशल ९५ चा दर लिटरला १.७२ दिरहमवरून एकदम २.१४ झाला, आणि तेव्हापासून तो महिन्याला ठरवण्याची पद्धत आली. जुलै २०२२ मध्ये तर तो ४.५२ वर गेला होता. म्हणून बिल वाढलं म्हणजे गाडी बिघडली असं नाही. हिशेब लिटरमध्ये करा. नोझल पहिल्यांदा 'टक' करून थांबेल तिथेच थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि पुन्हा तसंच टाकी भरा. झालेले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्या मोजा. आमचे आकडे आले ८, ८.२ आणि ७.९. म्हणजे वहम नव्हता.

त्याच सुमारास सासरे कोल्हापूरहून आले. उभा जन्म एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेलेला. स्कॅनर वगैरे काही मागितलं नाही. पहाटे, गाडी थंड असताना टायरची हवा मोजायला लावली. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर ३२ लिहिलेलं, टायरमध्ये २६. हवा भरून जेमतेम थोडा फरक पडला. मग फेरफटका मारून आल्यावर चारही चाकांजवळ नुसता तळहात नेला (हात लावू नका, भाजेल). पुढचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा कितीतरी तापलेलं. ब्रेक सुटतच नव्हता, कॅलिपर अडकलेला! हा दोष दिसला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. पेट्रोल राहू द्या, ब्रेक ऐन वेळी दगा देऊ शकतो. ते काम झालं आणि गाडी ९.२ वर आली.

उरलेलं कोडं मजेशीर निघालं. शेख झायेद रोडवर वेगात असताना तापमानाचा काटा खाली यायचा, सिग्नलला थांबलं की वर. मला वाटायचं, बरंच आहे, इंजिन थंड राहतंय! सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, थर्मोस्टॅट आहे का आत?" नव्हता. मागे एका गॅरेजवाल्याने 'मुलूख गरम आहे' म्हणून तो काढून टाकला होता. खरं म्हणजे इंजिनाला त्याची ठरलेली ऊब लागते. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की गाडीच्या संगणकाला वाटतं इंजिन अजून गारच आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. उन्हाळ्यात हे जाणवत नाही, हिवाळ्यात खिसा सांगतो. नवा बसवला आणि १०.४ मिळाले.

आमचं महिन्याचं फिरणं १८०० किलोमीटर. म्हणजे २२५ लिटरऐवजी १७३. लिटरला अडीच दिरहम धरले तरी महिना १३० वाचतात. दोन्ही दुरुस्त्यांना मिळून साडेचारशे लागले होते.

दोन खर्च मात्र टाळा. गाडीच्या पुस्तकात ९५ लिहिलं असेल तर सुपर ९८ भरून अॅव्हरेज वाढत नाही. आणि इंजेक्शनच्या गाडीत मळका एअर फिल्टर बदलल्याने पेट्रोल फारसं वाचत नाही. तो नियम कार्बोरेटरच्या जमान्यातला. फिल्टर वेळेवर बदला, पण त्यावर आशा लावू नका. 'चेक इंजिन'चा दिवा लागला असेल तर आधी कोड वाचून घ्या, मगच ऑक्सिजन सेन्सरला हात घालू द्या. नाहीतर एकेक पार्ट बदलत बिल चढतं.

आणि हो, टायर मूळ मापापेक्षा मोठे घातले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवतं. एका स्नेह्यांची गाडी ठणठणीत होती, चुकत होतं ते मीटर. सासरे परतले तेव्हा विमानतळाच्या वाटेवरही त्यांची नजर काट्यावरच होती. तो मधोमध उभा होता.