शेंबडाचा राक्षस आणि बकासुराचा घसा

चातुर्मासात लोहाऱ्याच्या आमच्या घरी श्रीधरस्वामींच्या हरिविजयाचे वाचन चाले, तेव्हा आम्ही मुले दिवस मोजून ज्या प्रसंगाची वाट पाहत असू, तो रुक्मिणीस्वयंवराचा नव्हे, तर बकासुराचा होता. प्रचंड बगळ्याचे रूप घेतलेला तो दैत्य बाळकृष्णाला सबंध गिळतो, त्या तेजस्वी घासाने त्याचा घसा जळू लागतो आणि शेवटी तो कृष्णाला ओकून टाकतो, इथवर कथा आली की पोथी वाचणारे आजोबा क्षणभर थांबत, आम्ही ओकारीचा आवाज काढून एकमेकांच्या अंगावर कोसळत असू आणि सोवळ्यातली आजीही पदर तोंडाशी नेऊन हसे. मग अघासुर येई. अजगराच्या उघड्या जबड्याला गुहा समजून आत शिरणारे गोपबाल, आणि भागवतकारांनीही न टाळलेली ती आतली दुर्गंधी! पुढे किळसवाण्या विनोदाची पुस्तके परदेशातून आली आणि त्यांनी आमची मुले बिघडविली, अशी तक्रार जेव्हा जेव्हा कानावर आली, तेव्हा तेव्हा मला ती ओसरी आठवली.

यवतमाळ शहराला लागून, दारव्हा रस्त्यावर वसलेले लोहारा आज औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. परंतु आमच्या बालपणी छापील पुस्तक तेथे सहजी मिळत नसे. जे मिळे ते उत्तम असे. वा. गो. आपट्यांनी 1906 साली सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकापासून 1952 साली मराठीत अवतरलेल्या ‘चांदोबा’पर्यंत आणि 1971 सालच्या ‘किशोर’पर्यंत, मराठी बालवाङ्मयाने दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे ऋण निर्विवाद आहे. मात्र पोथीतून छापखान्यात येताना एक वस्तू मागे राहिली. ढेकर, शेंबूड, ओकारी, पाद या गोष्टी, ज्यांवाचून कोणत्याही सात वर्षांच्या मुलाचा दिवस मावळत नाही, त्यांना संस्कारक्षम पुस्तकाच्या पानावर सहसा मुभा नव्हती. 1964 पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम मराठीतही आला. तो शूर होता, न्यायी होता, पण त्याला कधी शिंक आल्याचे मला आठवत नाही.

ती उणीव हिंदीने भरून काढली. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वारशामुळे हिंदी आमच्या कानाला परकी नव्हती, आणि उन्हाळ्याच्या सुटीत यवतमाळच्या दुकानांतून सुतळीवर टांगलेली कॉमिक्स दिवसाच्या भाड्याने मिळत. 1986 साली राज कॉमिक्सचा नागराज आला. त्याच्या देहात रक्ताबरोबर विष खेळे, मनगटांतून वळवळते साप बाहेर पडत आणि त्याच्या फुंकरीने शत्रू जमीनदोस्त होई. तो प्रथम रेखाटला पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी, म्हणजे त्या किळसवाण्या वैभवामागे एक मराठी हात होता, हे मला फार पुढे कळले आणि अभिमान वाटला. त्याच प्रकाशनाचे फायटर टोड्स तर गटारातच राहत. गटाराचे झाकण सरकवून वर येणारे ते बेडूक पाहून आम्ही जे हसलो, तसे पाठ्यपुस्तकाने आम्हांला कधीच हसविले नाही. एकदा अशी एक प्रत वर्गात जप्त झाली, वडिलांना बोलावणे गेले, आणि भाड्याचे पैसे बुडाले ते निराळेच. शिक्षकांचा राग मी समजू शकतो. परंतु वर्गातला सर्वांत मागे पडलेला मुलगा त्या एका पुस्तकासाठी अक्षर लावून वाचायला शिकला होता, याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

अमेरिकेत डेव्ह पिल्की नावाच्या मुलाची कथा याहून फारशी वेगळी नाही. वाचनातील अडचणी आणि चंचलता यांमुळे त्याला वर्गाबाहेर बसविले जाई. तेथेच त्याने चड्डी आणि झगा एवढ्याच वेषात संचार करणारा वीर कल्पिला, आणि 1997 साली ‘कॅप्टन अंडरपँट्स’ हे पुस्तक छापून आले. जॉर्ज आणि हॅरोल्ड ही दोन खोडकर मुले आपल्या कडक मुख्याध्यापकांना संमोहित करून त्यांचाच तो वीर बनवितात. 2012 आणि 2013 अशी दोन वर्षे अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेपित पुस्तकांच्या यादीत ही मालिका अव्वल राहिली, आणि तरीही मुले वाचतच राहिली.

त्या मालिकेतील 2003 सालच्या पुस्तकात शिंकेच्या अपघाताने एक विद्यार्थी शेंबडाचा राक्षस बनतो. काही वर्षांपूर्वी लोहाऱ्यात माझा पुतण्या ते पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. डाव्या हाताने पुस्तक दाबून उजव्या अंगठ्याने तो एकच पान भराभर मागेपुढे करी. दोन चित्रे एकमेकांत मिसळून हलू लागत, आणि राक्षस चालू लागे. “काकाजी, पाहा ना, शेंबडाचा राक्षस हाय हा!” पान कडेने फाटत आले होते. इंग्रजी त्याला निम्मेच कळत होते.

भरतमुनींनी बीभत्साला आठ रसांत सन्मानाचे स्थान दिले, विष्ठा आणि कृमी यांच्या दर्शनाने उपजणारा त्याचा प्रकारही वेगळा सांगितला, आणि बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती मानली. मुले त्याच बीभत्सापासून हास्य उत्पन्न करतात. ज्या देहाची त्यांना सतत लाज वाटावी अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे, त्या देहाचे भय ती हसून उतरवितात, आणि त्या हसण्यात मुख्याध्यापकही त्यांच्याएवढेच देहधारी ठरतात. यात असभ्यता शोधणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. दुर्बलाच्या व्यंगाला हसणारा विनोद आणि सर्वांना समान असलेल्या शिंकेला हसणारा विनोद यांत महदंतर आहे, आणि मनाई करायची तर ती पहिल्याला करावी.

आमच्या भाषेत या जातीचे सचित्र वीरपुस्तक माझ्या पाहण्यात आलेले नाही. सामग्रीची वाण मात्र नाही: बकासुराचा जळता घसा आहे, मारुतीच्या शेपटीची आग फुंकताना जळालेल्या रावणाच्या दाढीमिशा कीर्तनकारांच्या मुखी आहेत, आणि ‘शी’ म्हणून हसायला वऱ्हाडी बोलीइतकी मोकळी बोली दुसरी नाही. हाती कुंचला असणाऱ्या कोणी तरुणाने या कामी लागावे. आणि ज्या वाचकांच्या आजीने त्यांना अशी एखादी गोष्ट सांगितली असेल, त्यांनी ती, एकही शब्द सोवळा न करता, आजच लिहून ठेवावी.