दाबाखालचा हायड्रोजन

सरबताच्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगताना आपण नेहमी पाहतो. परंतु घन पदार्थाने आपल्याच द्रवावर तरंगावे, हे सृष्टीत तसे विरळाच. बर्फाच्या अंतरंगात पुष्कळ पोकळी असते, म्हणून हे घडते. आणि ती पोकळी राखतो तो हायड्रोजन-बंध.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन. हे हायड्रोजन आपल्या ऑक्सिजनशी घट्ट जडलेले असतात. शिवाय शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडेही ओढले जातात. ही दुसरी, सैल ओढ म्हणजेच हायड्रोजन-बंध. सेंटीमीटरचा दहा कोटींवा भाग हे माप धरले, तर बर्फातील हायड्रोजन स्वतःच्या ऑक्सिजनपासून सुमारे एक माप आणि शेजाऱ्यापासून सुमारे पावणेदोन मापे दूर असतो. एक घर त्याचे स्वतःचे. दुसऱ्याशी केवळ घरोबा!

आता दाब वाढवू. अमेरिकन शास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी १९३७ साली दाखवून दिले की, वातावरणाच्या सुमारे २१ हजार पटींहून अधिक दाबाखाली, थंड न करताही, पाण्याचा वेगळ्याच प्रकारचा बर्फ बनतो. या बर्फाला ‘बर्फ-सात’ म्हणतात. त्यात रेणूंच्या एका जाळीच्या पोकळ्यांत तशीच दुसरी जाळी बसलेली असते. बंध तुटत नाहीत. पोकळी मात्र भरून निघते. हा बर्फ आपल्या पेल्यातील पाण्यात बुडेल.

याहून अधिक दाबासाठी पदार्थ दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये चिरडतात. ऑक्सिजनचे अणू जवळ येतात, सैल बंध आखूड होतो. पण हायड्रोजनचा मूळचा घट्ट बंध उलट किंचित लांबतो. दाब वातावरणाच्या सुमारे सहा लाख पटींच्या पुढे गेला, म्हणजे हायड्रोजन दोन्ही ऑक्सिजनांच्या बरोबर मध्यावर येतो. मग आपला कोणता आणि शेजारी कोणता? हा भेदच उरत नाही. पाण्याचा स्वतंत्र रेणूही उरत नाही.

हे केवळ बर्फापुरते नाही. ॲल्युमिनियम, ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या एका दाट स्फटिकात हाच बदल सुमारे १ लाख ८० हजार पट दाबाला होतो. असा दाब भूगर्भात सुमारे पाचशे किलोमीटर खोलीवर असतो. अशा स्फटिकांत पाण्याचे घटक दगडाचेच अंग बनून खोलवर टिकू शकतात.

भूगर्भात पाणी आहे, याची साक्ष हिऱ्यांनीच दिली. २०१८ साली आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील व चीनमधील हिऱ्यांत ‘बर्फ-सात’चे सूक्ष्म कण आढळले. शेकडो किलोमीटर खोलीवर हिरा घडताना पाणी त्यात कोंडले गेले. हिरा वर येऊन थंड झाला. पण त्याच्या कठीण कवचाने आतील दाब सोडला नाही, आणि पाणी गोठले. या निसर्गजात बर्फाला खनिज म्हणून मान्यताही मिळाली.

श्रोतेहो, पृथ्वीवरील पाण्याचा हिशेब आपण सागर, नद्या व विहिरी यांवरून करतो. तो अपुरा आहे. पायाखालच्या पाषाणातही पाणी आहे. दाबाने त्याचे रूप पालटले आहे, इतकेच.