दुरुस्तीच्या टेबलावरचा कोड

ऐरोलीच्या ऑफिसात नवी पोरं विचारतात, "दादा, डिग्री नाही, कोणता कोर्स करू?" मी कैलास काटकरांची गोष्ट सुरू करतो. मूळचे रहिमतपूरचे. दहावीनंतर शाळा सुटली, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. बँकेत कामाला गेले असताना कॉम्प्युटर दिसला आणि हा गडी पुस्तकं आणून स्वतःच शिकला! धाकट्या भावाला, संजयला मात्र रीतसर कॉम्प्युटरच शिकायला लावलं. पुढे स्वतःच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या मशिनींत व्हायरस निघायचे. ते काढायला संजयने छोटे प्रोग्राम लिहिले, त्यातून १९९० च्या दशकात क्विक हील हे अँटीव्हायरस आलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात.

मला यातलं ते दुरुस्तीचं टेबल फार आवडतं. माझंही शिक्षण असंच, काहीतरी बिघडल्यावर. एकदा कोड लिहून 'लक्ष्मी' हा शब्द उलटा छापायला गेलो, तर वेलांटी सुटून आधीच येऊन बसली. लांबी मोजली तर ७! डोळ्यांना अक्षरं दोनच. कॉम्प्युटरला मात्र ल, क, पाय मोडल्याची खूण, ष, पुन्हा तीच खूण, म आणि वेलांटी. कॉम्प्युटर अक्षरं कशी साठवतो ते ठरवणाऱ्या युनिकोडचं पुस्तक त्यानंतर उघडलं.

तुमच्या नावाची लांबी किती येते? आधी बोटांवर मोजा, मग कोड चालवा.