गुडघ्याखालचा उन्हाळा

टूरिंग बाईकला पुढची काच सगळेच लावतात. पण नडगीवर आदळणारा वारा आणि इंजिनची धग, त्याचं काय? जालन्याच्या रस्त्यांवर 'लोअर्स' लावून केलेला हा हिशेब.

जालन्याहून येऊन पुण्यात नोकरी करणाऱ्यांचा एक क्लब आहे. त्याला नाव नाही, ऑफिस नाही, पण मेंबर भरपूर. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद झाला की अर्धे मेंबर ट्रॅव्हल्सच्या बसची सीट शोधतात आणि उरलेले आमच्यासारखे बाईकला बॅगा बांधतात. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, बदनापूर, जालना. साधारण तीनशे किलोमीटर. मुंबईहून येणाऱ्यांना वाटतं, समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तो जालन्यावरून जातो, मग काय, सुसाट! पण बॉस, तिथे दुचाकीला एंट्रीच नाही. आपल्या नशिबात जुनाच रस्ता. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातली दुपार.

घरी वडील एकटे असतात. मोसंबीची बाग आहे, ती सोडून ते पुण्याला येणार नाहीत. म्हणजे महिन्यातून दोनदा ही फेरी ठरलेली. ऋतू कुठलाही असो, कॅन्सल करायचा ऑप्शन नाही. त्यामुळे बाईकवरचा वारा आणि उष्णता हा माझ्यासाठी शौकाचा विषय नाही. घरी पोचल्यावर बागेत दोन तास काम करायची ताकद उरते की मी थेट बाजेवर आडवा होतो, एवढा साधा प्रश्न आहे.

वरचं झालं, खालचं काय?

आपल्याकडे टूरिंगची तयारी म्हणजे उंच काच, हँडगार्ड, मागे कॅरियर. काच छातीवरचा वारा अडवते. पण कमरेखाली? तिथे लेग गार्डचा पाईप आणि त्याच्या आरपार सगळं मोकळं. लोअर फेअरिंग, बाईकवाल्यांच्या भाषेत लोअर्स, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना, पायांच्या पुढे बसणारी ढाल. काम तीन प्रकारचं: थंड वारा अडवणं, पाऊस आणि चिखल अडवणं, आणि इंजिनची गरम हवा पायापासून दूर वळवणं. पहिली दोन सोपी. तिसऱ्यात खरी गंमत आहे.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाच्या डिझायनरने १९७० च्या दशकात 'विंडजॅमर' नावाचं फेअरिंग विकलं, जे जवळपास कुठल्याही मोठ्या बाईकला बसायचं. त्याच्याखाली जोडायला वेगळे लोअर्सही मिळायचे. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने 'आर १०० आरएस' आणली, इटलीतल्या पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये घडवलेलं पूर्ण फेअरिंग कंपनीतूनच लावून. हार्ले-डेव्हिडसनने तर २०१४ च्या काही टूरिंग मॉडेल्समध्ये लोअर्सच्या आतच रेडिएटर बसवले. म्हणजे जी ढाल वारा अडवते, तीच इंजिन थंड करायच्या कामाला लावली.

आपल्याकडे फेअरिंग आलं ते टूरिंगपेक्षा लुकसाठी. २००३ ची करिझ्मा, २००८ ची आर १५. कॉलेजच्या पार्किंगमध्ये या गाड्यांभोवती गर्दी व्हायची ती काही गुडघे गरम राहतात म्हणून नव्हे!

थंडीचा हिशेब सोपा

मराठवाड्यात थंडी पडत नाही, असं म्हणणाऱ्याने डिसेंबरात पहाटे पाच वाजता बदनापूरजवळ बाईक चालवून दाखवावी. हवा १० अंश आणि बाईकचा वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर अमेरिका-कॅनडात वापरतात त्या विंड चिलच्या सूत्राने उघड्या त्वचेला ते सुमारे ४ अंशांसारखं जाणवतं. गुडघा आखडला की ब्रेकवरचा पाय उशिरा हलतो. इथे कम्फर्ट संपतो आणि सेफ्टी सुरू होते.

शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून ९० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण वाऱ्याचा रेटा सव्वादोन पट. म्हणून शहरात ज्याची गरज वाटत नाही, ते हायवेवर हवंहवंसं वाटतं. लोअर्स लावल्यावर पहिल्याच हिवाळ्यात फरक कळला. जीन्सच्या आत थर्मल घालणं बंद झालं आणि पावसाळ्यात बूट कोरडे राहायला लागले.

उन्हाळ्याचा हिशेब उलटा

आता मे महिना. जालन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि इथे आपली नेहमीची समज उलटी होते. आपल्याला वाटतं, वारा लागला की गार वाटतं. पण कधी? हवा आपल्या त्वचेपेक्षा थंड असेल तेव्हा. त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश. हवा ४२ अंशांची असेल तर वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून टाकतो. हेअर ड्रायर फुल स्पीडवर पायाशी धरल्यासारखं.

मग आपण टिकतो कसे? घामामुळे. आणि हे समजायला मराठवाड्याच्या माणसाला फिजिक्सचं पुस्तक लागत नाही, घरचा कूलर पुरे. कूलरच्या जाळीवरून पाणी झिरपतं, कोरडी हवा त्यातून जाते, पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. जाळी कोरडी पडली की तोच कूलर गरम हवेचा पंखा होतो. बाईकवर आपण स्वतःच कूलर असतो. अंगावर ओल आहे तोवर वारा मित्र. ओल संपली की शत्रू. आणि कोरड्या वाऱ्यात घाम इतक्या पटकन उडतो की तो येतोय हे कळतही नाही. 'मला तर घामच आला नाही' म्हणणारा रायडर सगळ्यात जास्त पाणी गमावून बसलेला असू शकतो.

त्यात इंजिनची भर. माझी बाईक रेडिएटरवाली. कूलंट तापलं की फॅन सुरू होतो आणि गरम झोत मागे, म्हणजे माझ्या नडग्यांवर. धावत्या गाडीत तो विरून जातो. अंबड चौफुलीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर रेंगाळताना मात्र पाय भाजतात. लोअर्स लावून बाहेरची लू अडवली, पण आतली धग तिथेच कोंडली तर? चुलीला दार लावल्यासारखं होईल.

सनपॅक, लोकर आणि कूलरवाले मामा

बाहेरून येणारे तयार लोअर्स मोठ्या विदेशी क्रूझरसाठी असतात. आपल्या चारशे सीसीच्या गाडीला ते बसत नाहीत. म्हणून मी गेलो जालन्यात कूलरच्या फायबर बॉडी बनवणाऱ्या एका मामांकडे. जालना म्हटलं की बाहेरच्यांना स्टीलच्या सळया आणि बियाणं आठवतं. पण उन्हाशी झगडणारी छोटी छोटी वर्कशॉप्स हीसुद्धा या भागाची ओळख आहे. मामांनी माझं ड्रॉइंग बघितलं, मग बाईकभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "भाऊ, इंजनाला दम लागायलाय, आन् त्याचं नाक कशाला दाबायले तुम्ही?"

हाच सगळ्या विषयाचा गाभा. हवा आत घ्यायची तर ती बाहेर काढायची जागाही द्यायला हवी, आणि बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा मोठी हवी, कारण गरम हवा फुगते. कूलर बनवणाऱ्याला हे पाठ असतं. खोलीची खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर गारवा येत नाही, नुसती चिकचिक होते.

फायबर ओतायच्या आधी आम्ही ट्रायल घेतली सनपॅकवर. दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती पन्हाळीची प्लास्टिक शीट. स्वस्त, हलकी, कात्रीने कापता येणारी. दोन्ही बाजूंचे तुकडे लेग गार्डला केबल टायने बांधले. त्यावर, फ्रेमवर आणि माझ्या पँटवर लोकरीचे दोन-दोन इंचांचे धागे चिकटवले. मागून मित्र दुसऱ्या बाईकवर, त्याच्या मागच्या सीटवर चुलतभाऊ मोबाईलवर व्हिडिओ काढतोय. अंबड रोडला लोक थांबून बघत होते. एका आजोबांनी विचारलं, "काय रं, वरात हाय का?"

पण धागे खोटं बोलत नाहीत. शीट एकदम रुंद असताना तिच्या मागच्या कडेला धागे उलटे, पुढच्या दिशेला वळत होते. म्हणजे तिथे भोवरा होता आणि रेडिएटरची गरम हवा त्यात अडकून परत पायावर येत होती. शीट अरुंद केली, मागची कड बाहेर वळवली आणि खाली इंजिनजवळ चार बोटं फट ठेवली, तेव्हा धागे सरळ मागे ताणले गेले. गरम हवा पायाच्या बाहेरून निघून गेली. तोच आकार मामांनी फायबरमध्ये उतरवला. पुढच्या बाजूला सरकती झडप दिली, कूलरच्या झडपेसारखीच. थंडीत आणि पावसात बंद, मार्चनंतर उघडी.

रिझल्ट? हिवाळा आणि पावसाळ्यात फुल मार्क. उन्हाळ्यात धावत्या गाडीवर नडगीची धग जाणवण्याइतकी कमी. ट्रॅफिकमध्ये मात्र फारसा फरक नाही, कारण तिथे हवाच हलत नाही, मग वळवणार काय? म्हणून एप्रिल-मेमध्ये संभाजीनगर शहरातून जायचं असेल तर मी लोअर्स काढूनच ठेवतो. चार क्लॅम्प, दहा मिनिटं.

एक गोष्ट मात्र आवर्जून बघा. बाजूच्या वाऱ्याला लोअर्स म्हणजे शीड. पुढचं चाक पूर्ण झाकणारी रेसिंगची 'डस्टबिन' फेअरिंग्ज १९५७ च्या सीझननंतर बंद करण्यात आली, त्यामागे आडव्या वाऱ्यात गाडी हेलकावणं हे मोठं कारण होतं. आपले लोअर्स तेवढे मोठे नसतात, पण समोरून ट्रक गेला की हँडलला एक हलका धक्का जाणवतो. पहिले दोनशे किलोमीटर बेताने चालवा.

लोअर्स लावताय? मग हे वाचा

• इंजिन एअर-कूल्ड असेल, म्हणजे सिलिंडरवर पापुद्र्यांसारखे फिन्स असतील, तर समोरून ते झाकू नका. त्या इंजिनला वाराच थंड करतो. अशा गाडीला फक्त पायापुरती अरुंद ढाल.

• रेडिएटरच्या पुढे काहीही नको. मागून बाहेर पडणारी वाट मोकळी हवी.

• हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. लोअर्स, केबल आणि मडगार्ड एकमेकांना लागता कामा नयेत.

• सायलेन्सरच्या पाईपपासून भरपूर अंतर ठेवा. फायबर तापून मऊ पडतं, सनपॅक तर वितळतं.

• फ्रेमला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. क्लॅम्प वापरा, खाली रबर घाला, शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा.

• कायदा: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही कळवा. नंबर प्लेट, दिवे, इंडिकेटर झाकले गेले तर बोलायलाच नको.

फायबरची हद्द

एवढं सगळं करूनही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुपारी दोनच्या उन्हात कुठलंही फेअरिंग तुम्हाला वाचवत नाही. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेला की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. अशा दिवशी डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही जाणवलं की बाईक सावलीत लावायची, जॅकेट-हेल्मेट काढायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि बरोबरच्याने १०८ ला फोन करायचा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की तो उष्माघात. तिथे 'अजून वीसच किलोमीटर राहिलेत' हे गणित चालत नाही.

म्हणून उन्हाळ्यात माझं वेळापत्रक वेगळं. पुण्याहून पहाटे तीनला निघायचं, दहाच्या आत जालना. जॅकेटखालचा टी-शर्ट प्रत्येक स्टॉपला ओला करून घालायचा, कूलरची जाळी ओली ठेवावी तसा. दर तासाला पाणी, मीठ-साखर घातलेलं. बागांच्या पट्ट्यात शिरलं की हवा एकदम दोन पायऱ्या उतरल्यासारखी गार लागते, कारण तिथे झाडंही तेच करत असतात: पाणी उडवून गारवा.

वडिलांनी लोअर्स पहिल्यांदा बघितले तेव्हा हात फिरवून एकच प्रश्न विचारला, "याच्यानं तू लवकर येशील का?" म्हटलं, नाही बाबा, लवकर नाही. पण आल्यावर झोपणार नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या छाटणीची कात्री माझ्या हातात दिली.