सुंता : श्रद्धेची खूण आणि बालकाचा हक्क

भिलाई (छत्तीसगड) : पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर ६ येथील जामा मशीद तिच्या आगळ्या रचनेसाठी ओळखली जाते. अरबी लिपीतील ‘या अल्लाह’ या अक्षरांच्या आकारात ती उभी आहे. १९५५ मधील सोव्हिएत कराराने जन्माला आलेल्या या कारखान्यात देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले आणि त्यांच्या वस्त्यांना जातीची वा धर्माची नव्हे, तर केवळ आकड्यांची नावे मिळाली. अशा मिश्र वसाहतीत शेजारच्या घरी मुलाच्या खतन्याचे जेवण असले, तर आमंत्रण सर्वांनाच असते. त्या विधीविषयी मात्र कोणी सहसा बोलत नाही. गेल्या दीड दशकात जगभरच्या न्यायालयांत आणि कायदेमंडळांत पोहोचलेला हा वाद नेमका काय आहे, हे म्हणूनच समजून घेण्यासारखे आहे.

मराठीतील ‘सुंता’ हा शब्द अरबी ‘सुन्नत’वरून आला. पैगंबरांचा आचार असा त्याचा अर्थ. कुराणात सुंतेचा थेट उल्लेख नाही. तिचा आधार हदीस आणि इब्राहिम यांच्या परंपरेत शोधला जातो. मध्य भारतातील बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी पंथाचे अनुयायी आहेत, तो पंथ सुंतेला सुन्नत मानतो. कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथात ती अनिवार्य आहे. वयाबाबत मात्र एकच नियम नाही. कोणी सातव्या दिवशी, कोणी चार-पाच वर्षांनी, परंतु मूल वयात येण्यापूर्वी ती करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

ज्यू धर्मात हा प्रश्न अधिक काटेकोर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील सतराव्या अध्यायानुसार सुंता हा ईश्वर आणि अब्राहम यांच्यातील कराराचा भाग असून ती जन्मानंतर आठव्या दिवशीच व्हावी लागते. महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज उतरले, असे बेने इस्रायली समाज परंपरेने सांगतो. कोकणात तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, बोली मराठी झाली, आडनावे गावांवरून पडली; तरी शब्बाथ, आहाराचे काही नियम, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता टिकून राहिली. डेव्हिड रहाबी यांनी त्यांना ज्यू म्हणून ओळखले ते याच खुणांवरून, असे समाजाची परंपरा सांगते. ग्रंथ हरवूनही शतकानुशतके टिकलेल्या आचाराकडे तो समाज केवळ शस्त्रक्रिया म्हणून पाहू शकत नाही, हे येथे ध्यानात येते.

खुणेची दुसरी बाजू भीषण आहे. फाळणीच्या दंगलींत आणि नाझी राजवटीत माणूस कोणत्या धर्माचा, हे याच खुणेवरून ताडून जीव घेतले गेले.

आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा थोडक्यात असा : शरीर बालकाचे आहे, बदल कायमचा आहे आणि संमती देण्याचे त्याचे वय नाही, मग वैद्यकीय गरज नसताना हा निर्णय पालकांनी का घ्यावा? हा प्रश्न केवळ बाहेरच्यांनी विचारलेला नाही. १८४३ मध्ये फ्रँकफर्टच्या सुधारणावादी ज्यूंच्या एका गटाने सुंता सक्तीची नसावी, अशी भूमिका घेऊन मोठे वादळ ओढवून घेतले होते.

आधुनिक काळातील ठिणगी कोलोनमध्ये पडली. तेथे चार वर्षांच्या एका मुस्लिम मुलाला सुंतेनंतर रक्तस्राव झाल्याने रुग्णालयात न्यावे लागले. मे २०१२ मध्ये न्यायालयाने अशी सुंता म्हणजे शारीरिक इजा ठरते, असा निर्वाळा दिला. मात्र कायदा संदिग्ध होता म्हणून डॉक्टरला निर्दोष सोडले. ज्यू आणि मुस्लिम संघटना एकत्र येऊन निषेध करू लागल्या. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये जर्मन संसदेने वैद्यकीय निकष पाळून सुंता करण्याची मुभा देणारा कायदा संमत केला. आइसलँडमध्ये २०१८ साली बंदीचे विधेयक आले, पण ते पुढे सरकले नाही.

भारतात अल्पवयीन मुलांची सुंता बेकायदा ठरवावी, अशी याचिका केरळ उच्च न्यायालयात दाखल झाली होती. मार्च २०२३ मध्ये ती फेटाळली गेली. याचिका वृत्तपत्रांतील बातम्यांवर आधारलेली आहे आणि कायदे करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. मूळ प्रश्नाचा निवाडा त्यामुळे झालाच नाही. बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी पालकांच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम २७ संरक्षण देते. पण हित म्हणजे केवळ आरोग्य, की समाजात सामावले जाणेही त्यात येते? खरा वाद या एका शब्दाचा आहे.

दाऊदी बोहरा समाजातील मुलींच्या खतन्याविरुद्धची याचिका हा वेगळा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे सोपवली. दोहोंना शब्द एकच वापरला जात असल्याने गल्लत होते. मुलींच्या बाबतीत या प्रथेचा आरोग्याला कोणताही लाभ नाही, केवळ अपाय आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे.

मुलग्यांच्या बाबतीत वैद्यकशास्त्राचे उत्तर इतके सरळ नाही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातील चाचण्यांत सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये स्वेच्छेने केल्या जाणाऱ्या सुंतेची शिफारस केली. पण तिचा रोख संसर्गाचे प्रमाण मोठे असलेल्या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेवर होता. भारतातील नवजात बालकासाठी तो आकडा पुढे करणे म्हणजे ओढूनताणून आणलेला युक्तिवाद ठरतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये लाभ जोखमीपेक्षा अधिक असल्याचे मान्य केले, तरी सरसकट शिफारस टाळली.

कोणत्याही बाजूचे पालक असोत, काही गोष्टी वादापलीकडच्या आहेत. नवजात मुलाची त्वचा मागे न सरकणे हा आजार नाही. मूत्रमार्गाचे छिद्र जन्मतः खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नये, कारण दोष दुरुस्त करण्यासाठी हीच त्वचा लागू शकते. घरात रक्त न गोठण्याचा विकार असेल तर तपासणीशिवाय शस्त्र लावणे प्राणावर बेतू शकते. तालमूदने दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील, तर तिसऱ्याला सूट दिली आहे. हिमोफिलियाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक मानली जाते.